रेंजवर सोनं, रविवारी माती: खाडे पडलेला सराव आणि गोल्फमधले वाईट दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी, हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १८ च्या आसपास, रविवारी राउंड (अठरा होलचा पूर्ण खेळ) आणि आठवड्यात दोनदा रेंज (बॉल मारायच्या सरावाची जागा) असा बेत. प्रत्यक्षात दोन महिने नेमाने सराव होतो, मग महिना-दीड महिना खाडा. स्कोअर, म्हणजे एकूण फटके, कधी ८८, कधी १०४. रेंजवर सात नंबरचं आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) दोरीत जातं, कोर्सवर तेच टॉप होतं, म्हणजे बॉलच्या माथ्याला लागतं. एखाद्या रविवारी तर बॉल नीट लागतच नाही. स्विंग बदलावा का?

स्विंग तूर्त आहे तसा राहू द्या. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत. स्कोअर मुळातच खालीवर होतो, ही एक. खाड्यामुळे हातची सवय मोडते, ही दुसरी. वाईट दिवशी मैदानातच स्विंगची दुरुस्ती काढली जाते, ही तिसरी. पहिलीवर इलाज नाही आणि त्याची गरजही नाही. दुसरीवर बऱ्यापैकी इलाज आहे. १०४ मधले सहा-सात फटके मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीने गेलेले असतात आणि ते पुढच्याच रविवारी वाचू शकतात.

आधी त्या १०४ चं भूत उतरवू. २०२० पासून जी जागतिक हँडिकॅप पद्धत आली, तिच्यात शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगले ८ धरतात आणि बाकीचे १२ सोडून देतात. समजा तुमच्या कोर्सचं रेटिंग (पट्टीच्या खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) ७१ आणि स्लोप (साधारण खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा, प्रमाण ११३) १२५ आहे. ११३ भागिले १२५ म्हणजे ०.९०४. ८८ च्या राउंडमधून ७१ वजा केले की १७ उरतात, त्यांना ०.९०४ ने गुणलं की १५.४ येतात. ९१ मारले तर १८.१. म्हणजे इंडेक्स १८ असलेला माणूस आपल्या सर्वांत चांगल्या आठ राउंडमध्ये सरासरी ९१ मारतो. वीसच्या वीस धरले तर सरासरी तीन-चार फटक्यांनी वर, ९४-९५ ला जाते. आपल्या हँडिकॅपला खेळणं किंवा त्याहून चांगलं खेळणं साधारण चार-पाच राउंडमध्ये एकदा घडतं. ‘८८ हा माझा खरा खेळ आणि बाकी सगळे अपघात’ अशी समजूत क्लबाक्लबांत दिसते. खरं तर ८८ आणि १०४ ही एकाच पसाऱ्याची दोन टोकं आहेत आणि तुमचा खरा खेळ ९४ आहे. हे एकदा मनाने घेतलं की पहिल्या तीन होलवर दोन डबल बोगी (पार, म्हणजे होलचे ठरलेले फटके, त्यापेक्षा दोन जास्त) झाल्या म्हणून हातपाय गळत नाहीत, कारण ९४ च्या राउंडमध्येही चार-पाच डबल असतातच.

अगदी वरच्या पातळीवरही हेच चालतं. २००२ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत म्यूअरफील्डला टायगर वूड्सने शनिवारी वादळी पावसात ८१ मारले आणि रविवारी ६५. एका रात्रीत स्विंग बिघडून दुरुस्त झालेला नव्हता. नोव्हेंबर २०२० मधल्या मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी त्याने बाराव्या पार-३ वर तीनदा बॉल पाण्यात घालून १० फटके घेतले आणि उरलेल्या सहा होलपैकी पाचांवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली.

आपल्याकडच्या हवामानाचाही हिशेब धरा. जून ते सप्टेंबर फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) ओला असतो, बॉल पडतो तिथेच रुततो, पुढे घरंगळत नाही. कोरड्या जानेवारीत ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबला) वीस-पंचवीस यार्डांचा रोल फुकट मिळतो, तो पावसाळ्यात जातो आणि प्रत्येक पार-४ वर हातात दोन क्लब मोठं, म्हणजे जास्त लांब मारणारं आयर्न येतं. ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) ओले आणि वाढलेले असले की पट (पटर या क्लबने घरंगळवलेले फटके) आखूड पडतात. जुलैतले १०० आणि जानेवारीतले ९४ हा एकच खेळ असू शकतो. म्हणून पावसाळ्याचे स्कोअर वेगळ्या पानावर लिहा. आणि रुतलेला बॉल तसाच मारत बसू नका. पेनल्टी एरिया (पाण्यासारखी आखलेली अडचणीची जागा) आणि बंकर (वाळूचा खड्डा) सोडून इतरत्र, स्वतःच्याच खड्ड्यात रुतलेल्या बॉलला विनादंड ड्रॉप (बॉल उचलून शेजारी टाकण्याची मुभा) मिळतो. हे माहीत नसल्यामुळे दर पावसाळ्यात लोक दोन-चार फटके दान करतात.

खाडा पडला की नेमकं काय मोडतं

महिनाभर क्लब हातात धरला नाही तर स्विंगचा आराखडा फारसा जात नाही. वर्षानुवर्षांची सवय असते ती. आधी जातो तो बारीक अंदाज: क्लब जमिनीला नेमका कुठे टेकतो, वीस यार्डांच्या चिपला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला) किती जोर लागतो, तीस फुटांच्या पटला पटर किती मागे न्यायचा. यानंतर सरकते ती उभं राहण्याची पद्धत. बॉल अर्धा इंच पुढे जातो, ग्रिप किंचित वळते, खांदे उघडतात, आणि हे आपल्याला दिसत नाही कारण आरसा समोर नसतो. खाड्यानंतरचा पहिला राउंड म्हणून चिप आणि पटमध्येच जास्त गळतो. लोक मात्र रेंजवर जाऊन शंभर ड्रायव्हर मारतात.

मोठ्या बादलीने खाडा भरून काढण्याचा प्रयत्न सर्वांत महागात पडतो. महिन्याभराच्या विश्रांतीनंतर एका संध्याकाळी १५० बॉल मारले की पन्नासाव्यानंतर पकड घट्ट होत जाते, सत्तराव्यानंतर कमर फिरेनाशी होते आणि शेवटचे साठ बॉल केवळ हातांनी मारले जातात. म्हणजे दमलेला स्विंग घोटून घरी येता. शिवाय रेंजच्या चटईखाली बहुतेक ठिकाणी काँक्रीट असतं. जमिनीत मारलेला प्रत्येक फटका कोपराला बसतो. कोपराच्या आतल्या हाडाशी दुखू लागलं आणि मूठ वळताना कळ आली तर बादली अर्धी राहिली तरी थांबा. ते दुखणं अंगावर काढलं की तीन-चार महिन्यांचा सक्तीचा खाडा ठरलेला.

थोडं पण वरचेवर, हाच हिशेब इथे लागू पडतो. आठवड्यात एकदाच रेंज जमत असेल तर तेवढं पुरे, पण घरी चार दिवस दहा-दहा मिनिटं काढा. त्यांतली तीन मिनिटं आरशासमोर. पाच वेळा ग्रिप सोडून पुन्हा धरा, पाच वेळा स्टान्स घ्या, म्हणजे फटक्यासाठी उभे राहा. हे कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच कुणी करत नाही. दोन मिनिटं क्लबविना किंवा वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) घेऊन अर्ध्या वेगाचे स्विंग, शेवटी डाव्या पायावर तोल धरून तीन अंक मोजायचे (सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचं आहे, डावरे असाल तर उलट करून घ्या). उरलेली पाच मिनिटं पटर.

पटरसाठी गालिच्यावर तीस सेंटिमीटरची स्टीलची मोजपट्टी ठेवा, बॉल तिच्या एका टोकावर ठेवा आणि तो पट्टीवरून न पडता दुसऱ्या टोकाने उतरेल असा पट मारा. पटरचा चेहरा (बॉलला लागणारी बाजू) किंचित उघडा किंवा मिटलेला असला तर बॉल अध्येमध्येच कडेला घसरतो. कोन एका अंशाने चुकला की दहा फुटांवर बॉल सुमारे दोन इंच बाजूला जातो. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन इंचांहून जरा जास्त. एका अंशाचा पट दहा फुटांवरून जेमतेम कड चाटतो, दोन अंशांचा चुकतोच. वीसपैकी पंधरा वेळा बॉल पट्टीच्या टोकापर्यंत जाऊ लागला की लहान पटची काळजी मिटली. आणि मोठ्या पटबद्दल अपेक्षा माफक ठेवा. टूरवरचे प्रो, म्हणजे मोठ्या स्पर्धांतले व्यावसायिक खेळाडू, आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. आपण आठ फुटांवरून चुकलो की कपाळाला हात लावतो, त्याला काही अर्थ नाही.

रेंज का फसवते

रेंजवर सपाट चटई, तोच क्लब, तेच टार्गेट, आणि आधीचा फटका चुकला तर पाच सेकंदांत दुसरा बॉल. तीस सात-नंबर ओळीने मारले की पंचविसावा सरळच जाणार. शरीर मागच्या फटक्याची नक्कल करत असतं. कोर्सवर ड्रायव्हर मारल्यानंतर दहा मिनिटांनी सात-नंबर हातात येतो, तोही उतारावर, आणि संधी एकच. मोटर लर्निंगच्या अभ्यासात हा फरक १९७९ पासून नोंदलेला आहे. शे आणि मॉर्गन यांच्या प्रयोगात एकच हालचाल ओळीने घोटणारे सरावात पुढे दिसले, पण नंतर परीक्षा घेतली तेव्हा हालचाली आलटून पालटून करणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. म्हणून रेंजवर जरा वाईट दिसणारा सराव बहुधा जास्त कामाचा असतो.

चटई आणखी एक लबाडी करते. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी तो चटईवर घसरून बॉलला लागतो, बॉल उडतो आणि आपण खूश होतो. तोच फटका गवतावर पंचवीस-तीस यार्ड आखूड, मातीचं ढेकूळ बॉलच्या आधी. ‘रेंजवर बरं लागतं, कोर्सवर फॅट’ या तक्रारीमागे बहुतेकदा एवढंच असतं. उपाय स्वस्त आहे: नॅपकिनची घडी करून बॉलच्या चार इंच मागे ठेवा. क्लब नॅपकिनला लागला तर फटका चुकला, बॉल कुठेही गेलेला असो. शिवाय रेंजचे बॉल झिजलेले असतात, पुष्कळ ठिकाणी मुद्दाम कमी जाणारे असतात. त्यांच्यावरून ‘माझं सात-नंबर किती जातं’ हे ठरवू नका.

साठ बॉल आणि पन्नास मिनिटं एवढ्यात आठवड्याचं काम होतं. पहिले दहा वेजने, अर्ध्या स्विंगने, अंग मोकळं करायला. पुढचे पंधरा एकाच गोष्टीवर, एकाच क्लबने, नॅपकिन ठेवून. गोष्ट एकच, यूट्यूबवर काल पाहिलेली आणि परवा पाहिलेली अशा दोन नकोत. मग वीस बॉल कोर्स खेळल्यासारखे. पहिला ड्रायव्हर, दुसरा सहा-नंबर, तिसरा वेज, प्रत्येक वेळी मागे जाऊन टार्गेट निवडायचं, पूर्ण रूटीन करायचं आणि नुकताच मारलेला क्लब लगेच पुन्हा वापरायचा नाही. हे वीस बॉल निम्मा वेळ खातात, खाऊ द्या. शेवटचे पंधरा वेजने ३०, ५० आणि ७० यार्डांवर फिरवून, कधीच सलग दोन एका अंतरावर नाहीत. पटिंग ग्रीन असेल तर या पंधरांतले पाच कमी करून तिथे दहा मिनिटं घालवा.

खाड्यानंतरच्या पहिल्या खेपेला ड्रायव्हर बॅगेतच ठेवा आणि चाळीस बॉलांवर थांबा. पहिले दोन राउंड पुढच्या टीवरून (होलला जवळ असलेल्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळलात तर काही बिघडत नाही. कमीपणा वाटतो हे खरं. पण दुसऱ्या फटक्याला हायब्रिडऐवजी (लांब पल्ल्याच्या क्लबऐवजी) आठ-नंबर हातात आला की हात लवकर बसतो.

हातमोजा आणि ग्रिप (इथे क्लबच्या मुठीवरचं रबर) यांच्याकडे मात्र लोक बघतच नाहीत. मुंबईच्या घामात आणि पुण्याच्या पावसाळ्यात बॅगेत कोंबलेला हातमोजा कडक होतो, ग्रिप गुळगुळीत होऊन चमकू लागते. मग क्लब निसटू नये म्हणून आपण नकळत आवळून धरतो, मनगट अडकतं आणि बॉल उजवीकडे सुटतो. ग्रिप कोमट पाण्याने आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाने महिन्यातून एकदा धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. धुऊनही चिकटपणा येत नसेल तर ग्रिप बदलायची वेळ झाली. हातमोजे दोन ठेवा आणि दर तीन-चार होलांनी बदला. काढलेला मोजा बॅगेला बाहेर लटकवा, खिशात घालू नका.

त्या दिवशी सकाळी

सव्वासहाचा टी-टाइम, सहा दहाला गाडी पार्किंगमध्ये, बूट बांधत पहिल्या टीवर. वाईट दिवसांपैकी कितीतरी दिवस इथेच सुरू होतात, आणि त्याचं खापर स्विंगवर फुटतं. वीस मिनिटं मिळाली तर पाच मिनिटं कमरेला आणि खांद्यांना, पंधरा बॉल (चार वेज, चार आयर्न, तीन हायब्रिड, तीन ड्रायव्हर, शेवटचा पहिल्या टीवर जो क्लब मारणार तोच) आणि उरलेला वेळ ग्रीनवर: आधी तीस फुटांचे तीन-चार पट वेगाचा अंदाज घ्यायला, मग तीन फुटांवरचे पाच. दहाच मिनिटं असली तर बॉल मारायचे सोडून द्या. ग्रीनवर पाच मिनिटं, गवतावर दहा-बारा मोकळे स्विंग, बस.

या पंधरा बॉलांत काही दुरुस्त करायचं नाही, फक्त बघायचं. आज बॉल कुठे सुटतो आणि कुठे वळतो? सगळे बॉल पंधरा-पंधरा यार्ड उजवीकडे वळत असतील तर आजचा आकार तो. डावीकडे धरा आणि खेळा. पहिल्या टीपासून चाळीस पावलांवर उभं राहून स्लाइस (उजवीकडचं हे वळण) घालवायला बसणं म्हणजे पंगत बसल्यावर आचारी बदलणं.

मैदानात बिघडलं तर

दोन-तीन फटके सलग वाईट गेले की डोक्यात सल्ल्यांची जत्रा भरते. त्यात जोडीदार भर घालतात आणि कॅडी हमखास म्हणतो, “सर, डोकं उचललं.” टॉप झालेल्या दहा फटक्यांपैकी बहुतेकांत डोकं हे कारण नसतं. वजन मागच्या पायावर राहिलेलं असतं, किंवा बॉल उचलून देण्यासाठी हात ओढून घेतलेले असतात. स्विंगचा तळ बॉलच्या मागे पडतो आणि क्लब वर येताना बॉलच्या माथ्याला लागतो. डोकं दाबून धरलं की वजन आणखी मागेच राहतं आणि पुढचा फटका फॅट होतो. जोडीदारांना गोडीत सांगा, “आता नको, चहाच्या वेळी सांग.” स्पर्धेत तर आपला कॅडी आणि आपल्या बाजूचा जोडीदार सोडून कुणाचा सल्ला मागणं नियमातही बसत नाही.

मैदानात तपासायच्या गोष्टी तीनच, आणि याच क्रमाने.

पहिली, पकडीचा जोर. दहापैकी चार-पाच. चुकीनंतर तो आपोआप आठवर जातो. फटक्याआधी क्लब हवेत धरून मनगट दोनदा हलवा. डोकं जड लागलं पाहिजे, क्लबचं.

दुसरी, बॉलची जागा. ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत, सात-नंबरला मध्यापासून एक बॉल डावीकडे, वेजला मध्यात. ड्रायव्हरला बॉल फार पुढे गेला की तो गाठण्यासाठी खांदे उघडतात, क्लब बाहेरून आत येतो आणि बॉल डावीकडे सुटून उजवीकडे वळतो. हाच तो रविवारचा स्लाइस.

तिसरी, निशाणा. बॉलच्या पुढे दोन-तीन फुटांवर एखादं वाळकं पान किंवा जुना डिव्हट (फटक्याने उखडलेल्या गवताची खूण) निवडा, आधी क्लबचा चेहरा त्याच्याकडे लावा, मग पाय. फटका मारल्यानंतर पाय न हलवता क्लब बुटांच्या टोकांशी आडवा ठेवून मागून बघा. उजव्या हाताने खेळणारे बहुतेक जण टार्गेटच्या उजवीकडे धरून उभे असतात आणि मग खालच्या स्विंगमध्ये बॉल डावीकडे ओढतात. मारण्याआधी क्लब जमिनीवर ठेवून निशाणा लावला आणि तसाच स्टान्स घेतला तर मात्र दंड आहे, आणि मागे हटून पुन्हा उभं राहिलात तरी तो टळत नाही.

या तिन्ही नीट असूनही बॉल वेडावाकडा जात असेल तर आज हात बसलेला नाही एवढंच मान्य करा. सुटण्याची दिशा मुख्यतः चेहरा ठरवतो, आणि वळण चेहरा व क्लबच्या मार्गातल्या फरकातून येतं. शिवाय बॉल ड्रायव्हरच्या टाचेला (चेहऱ्याच्या दांड्याकडच्या कडेला) लागला तर मार्ग बरा असूनही बॉल उजवीकडे वळतो. यातलं आज काय चाललंय हे सातव्या होलवर घामाघूम होऊन कळत नाही. ते रेंजवर कळतं: बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करचा ठसठशीत ठिपका काढा, मारा, आणि चेहऱ्यावर शाई कुठे उमटली ते बघा. पाच ठसे टाचेकडे आले तर तुम्ही स्विंगमध्ये बोटांवर झुकताय किंवा बॉलच्या फार जवळ उभे आहात.

शँक हा वेगळा आजार, आणि तो लागला की माणूस पांढरा पडतो. बॉल क्लबच्या मानेला लागून काटकोनात उजवीकडे जातो. मैदानातला तात्पुरता उपाय असा: वजन पावलांच्या मध्यावर आणा, बॉल चेहऱ्याच्या टोकाकडे ठेवून उभे राहा आणि टोकानेच मारायचा असं धरून अर्ध्या स्विंगने मारा. घाबरून बॉलपासून लांब उभे राहिलात तर तोल बोटांवर जातो आणि पुन्हा शँक.

लय बिघडली असेल तर मनात मोजा: एक-दोन-तीन वर जाताना, चारला बॉल. वर जायला लागणारा वेळ खाली येण्याच्या सुमारे तिप्पट असतो. वाईट दिवशी माणूस घाईने वरूनच खाली ओढतो आणि ही तिनाची दोन होते.

आता स्कोअर वाचवायचं गणित. ३८० यार्डांचं पार-४ घ्या. सात-नंबर १४० जात असेल तर टीवरून सात-नंबर, पुन्हा सात-नंबर, उरले १०० यार्ड, तिथे वेज. तीन फटक्यांत ग्रीन, दोन पट, बोगी (पारपेक्षा एक जास्त). अठराही होलवर बोगी म्हणजे पार-७२ वर ९०. म्हणजे ज्या दिवशी ड्रायव्हर हातात बसत नाही त्या दिवशी तो बॅगेत ठेवूनही, कागदावर का होईना, तुमच्या सरासरीहून चार फटके कमी पडतात. प्रत्यक्षात ९५-९६ होतील. १०४ पेक्षा बरे. असं खेळायला लाज वाटते, ही एवढीच अडचण आहे. चौकडीतले तिघं ड्रायव्हर काढत असताना सात-नंबर घेऊन टीवर उभं राहणं अवघड जातं.

बाकीचे फटके कुठे जातात ते ठरलेलं आहे. झाडीतून दोन खोडांमधल्या फटीतून ग्रीन गाठायला जाणं. तिथून आडवं फेअरवेवर या, एकच फटका जातो. ग्रीनच्या कडेला साठ अंशांच्या वेजने बॉल उचलायला जाणं. वाईट दिवशी नऊ-नंबरने किंवा पटरनेच घरंगळवा. ॲप्रोचला (ग्रीनवर जाणाऱ्या फटक्याला) क्लब नेहमीपेक्षा एक मोठा आणि तीन-चतुर्थांश स्विंग. बंकरमधून फक्त बाहेर. लांबचा पट होलमध्ये घालायचा नाही, शेजारी तीन फुटांत न्यायचा.

राग येणारच, तो गिळू नका. दहा पावलं चालेपर्यंत काय चडफडायचं ते चडफडा, मग बॅगेची झिप उघडून पाणी प्या. एप्रिल-मेमध्ये बाराव्या-तेराव्या होलनंतर खेळ ढासळतो तो पुष्कळदा पाण्याअभावी. दर दोन होलांनी चार घोट, नवव्यानंतर केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की. अर्ध्या वाटेवरची थंड बिअर आणि वडापाव हा पर्याय लोकप्रिय आहे, दहाव्या टीवर त्याची फळंही दिसतात. पुढचा फटका मारताना रूटीन नेहमीइतकंच लांब ठेवा. चुकीनंतर सरावाचे स्विंग दोनाचे पाच होतात आणि त्यातला प्रत्येक नवा विचार घेऊन येतो. चाळीस सेकंदांत फटका, ही नियमांतली शिफारस अशा दिवशी तुमच्याच फायद्याची आहे.

घरी आल्यावर

स्कोअरकार्डच्या मागे चार आकडे लिहा: दंडाचे फटके किती, पन्नास यार्डांच्या आतून तीनपेक्षा जास्त फटके किती होलवर लागले, तीन पट लागलेले होल किती, आणि टीवरचे बॉल कुठे सुटले (डावीकडे, सरळ, उजवीकडे). ‘आज काहीच जमलं नाही’ असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. पहिल्या तीन आकड्यांची बेरीज पाहिलीत की १०४ आणि ९४ मधला फरक बहुतेक तिथेच सापडेल.

असे पाच राउंड जमेपर्यंत स्विंगला हात लावू नका. पाचपैकी चारांत बॉल एकाच बाजूला सुटत असेल, तर ती सवय झाली. मग शिक्षकाकडे जा, पाचही कार्डं घेऊन जा आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ न्या, एक समोरून, एक टार्गेट-रेषेत मागून, कॅमेरा हातांच्या उंचीवर. पहिल्या तासातले चाळीस मिनिटांचे अंदाज वाचतात. पाच राउंडमध्ये चुका चारही दिशांना विखुरल्या असतील तर शिकवणीचे पैसे तूर्त ठेवा आणि ती आरशासमोरची तीन मिनिटं महिनाभर न चुकता करा. विखुरलेल्या चुका जवळजवळ नेहमी उभं राहण्यातून आणि पकडीतून येतात.

या रविवारसाठी एवढंच करा: शनिवारी रात्री ग्रिप धुवून ठेवा, नवा हातमोजा बॅगेत टाका, आणि पहिल्या तीन टीवर कुठला क्लब मारायचा ते कागदावर लिहून खिशात ठेवा.